टरफलांचा आकडा

"डॉक्टर, या माणसाला आजच्या आज गाडीवरून उतरवा," असं मी फोनवर म्हणाले, तेव्हा तो माणूस म्हणजे माझी सासू आहे हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी हेच म्हटलं असतं, असं मी त्यानंतर एक संध्याकाळभर सगळ्यांना ठणकावून सांगत होते. मग मात्र माझं तोंड बंद झालं.

मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. गाडी चालवणं किंवा शिकवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांची दरवर्षी तब्येत तपासतात आणि त्यांचं रक्त आमच्याकडे येतं. नळीवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. ही पद्धत मीच भांडून आणली. पूर्वी नावं यायची तेव्हा कुणाचा साडू, कुणाचा मेहुणा मागच्या दाराने येऊन "जरा बघा की" म्हणत उभा राहायचा. क्रमांकाला मेहुणा नसतो.

त्या दिवशी एका नळीतला हृदयाच्या हार्मोनचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला होता.

हृदयाचा हार्मोन म्हटलं की लोक हसतात. थायरॉइडचा असतो, स्वादुपिंडाचा असतो, हृदयाला कशाला हवा? त्याने आपलं रक्त ढकलत बसावं. पण हृदय म्हणजे नुसता हमाल नव्हे. आत रक्त तुंबायला लागलं, भिंती ताणल्या गेल्या, की ते स्वतः एक हार्मोन बनवून रक्तात सोडतं. मूत्रपिंडांना बजावतं, जादाचं मीठ-पाणी बाहेर काढा. रक्तवाहिन्यांना सांगतं, जरा सैल व्हा, माझा भार हलका करा. धडधाकट माणसात हे सगळं कुजबुजत चालतं. हृदय थकलं की आरडाओरडा सुरू होतो, आणि तो माझ्या मशीनला ऐकू येतो. स्वतःच्या सुटकेची सोय स्वतःच करणारा असा अवयव मला फार आवडतो, हे आपलं सरळच सांगते.

तर असा आरडाओरडा ऐकला की मी कागद पाठवून गप्प बसत नाही, थेट फोन उचलते. पलीकडे तपासणीचे डॉक्टर असतात. वयस्कर, खडूस, पण कामाला चोख. पूर्वी ते या चाचणीला नाक मुरडायचे. छातीला नळी लावून जे ऐकू येतं तेच खरं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना पटवायला मला वर्षं लागली. "डॉक्टर, परवाना हवा असलेला माणूस दम लागत नाही असंच सांगणार. घरचेही त्याचीच री ओढणार. आकडा खोटं बोलत नाही," हे मी त्यांना इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी त्यांनी हात टेकले आणि माझ्या आकड्यावर डोळे मिटून सही करायला लागले. या विजयाचा मला केवढा अभिमान होता!

संध्याकाळी घरी आले तर आमच्या जिन्याखाली सासूबाईंची गाडी उभी. या वेळी ती कधीच तिथे नसते. संध्याकाळी नोकरी सुटल्यावर शिकायला येणाऱ्यांचीच तर गर्दी असते. टपावरची 'शिकाऊ चालक' पाटी काढून कुणीतरी चपलांच्या कप्प्यावर ठेवलेली होती.

सासूबाई मोटार चालवायला शिकवतात. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलंय. शिकवणाऱ्याच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवून त्या दिवसभर बसतात, म्हणून सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणतात. तोंडावरही म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदय थकलंय असं निघालं. तेव्हापासून मीठ कमी, पाणी मोजून, गोळ्या वेळेवर. पथ्याला पक्क्या. घरात आमचा एक करार आहे. मी त्यांच्या गोळ्यांत नाक खुपसायचं नाही आणि त्यांनी माझ्या स्वयंपाकात. या करारावर आमचा संसार झकास चालला होता.

त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. गाडीच्या किल्ल्या समोर.

"काय झालं, आई?"

"मला उतरवलं गं."

"कुणी?"

"तपासणीच्या डॉक्टरांनी. म्हणाले, लॅबमधून फोन आला होता. हृदयाचा कसलासा आकडा फार वर गेलाय. नापास केलं."

मी खुर्ची ओढून बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते काय असतं, ते तेव्हा कळलं.

"आई, तो फोन मीच केला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तोफ सुटणार. सिग्नल मोडणाऱ्या ट्रकवाल्याला भर चौकात खाली उतरवून झापणारी बाई आहे ही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग बरोबरच असेल." आणि किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या.

याच्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

नापास होण्याचा अर्थ आम्हा सगळ्यांनाच माहीत होता. एकदा नापास झालं की वर्षभर पुन्हा तपासणी नाही. आणि पासष्टीच्या पुढच्या माणसाचा शिकवण्याचा परवाना एकदा का वर्षभर खंडित झाला, की तो नव्याने मिळत नाही. सासूबाई सदुसष्टच्या. डॉक्टरांनी कागद अजून वर पाठवला नव्हता. आठवड्याचे सगळे कागद ते सोमवारी एकदम पाठवतात. सोमवारी तो गेला, की ब्रेकबाई संपल्या.

नवऱ्याने बातमी ऐकली आणि सुटकेचा श्वास सोडला. तो शाळेत भूगोल शिकवतो. आई घरी बसावी म्हणून वर्षभर तिच्या मागे लागलेला.

"एका अर्थी बरंच झालं," तो म्हणाला. "आता आराम करेल."

"आराम?" मी म्हणाले. "तुझ्या आईने आयुष्यात आराम केलाय कधी? दोन दिवसांत भिंतीला शिकवायला लागेल, क्लच दाब म्हणून."

"अगं, पण आकडा तूच काढलास ना? मग माझ्यावर कशाला चिडतेस?"

त्याचं बरोबर होतं, म्हणून मी आणखी चिडले.

दुसऱ्या दिवसापासून घरात एक माणूस आजारी पडलं. आदल्या दिवशीपर्यंत सासूबाई तीन मजले चढून यायच्या आणि वर पोचेपर्यंत खालच्या भाडेकरूच्या गाडी लावण्याच्या पद्धतीवर टीका पूर्ण करायच्या. आता त्या मधल्या मजल्यावर कठडा धरून थांबायला लागल्या. छातीवर हात ठेवून हळूहळू श्वास घ्यायच्या. आवाज बारीक झाला. शिकणाऱ्यांचे फोन आले की "दुसरीकडे बघा हो" म्हणायच्या आणि फोन पालथा ठेवायच्या. मला ते पाहवेना. त्यातून माझं शास्त्र मला म्हणत होतं, बघ, आकडा खरा निघाला.

आणि मग तिसऱ्या दिवशी दुपारी, सोफ्यावर आडव्या पडल्या पडल्या, त्या म्हणाल्या, "माझी दुपारची गोळी देतेस का? उठवत नाही."

करार त्यांनीच मोडला होता. मी त्यांचा गोळ्यांचा डबा उघडला, पट्टी हातात घेतली, उलटी करून नाव वाचलं, आणि डबा टेबलावर असा आपटला की शेजारच्या खोलीत वह्या तपासणारा नवरा धावत आला.

"आई, ही गोळी कधीपासून?"

"झाले दोन महिने. हृदयवाल्या डॉक्टरांनी जुनी बंद करून ही दिली. का गं? चुकीची आहे का?"

"मला सांगितलं का नाहीत?"

"करार," सासूबाई म्हणाल्या.

"आणि ही सुरू केल्यापासून कसं वाटत होतं? परवा फोन येईपर्यंत?"

त्यांनी जरा विचार केला. "बरं वाटत होतं. खरं तर झकास. रात्री दोन उशा लागायच्या, त्याची एक झाली. पाय सुजायचे थांबले. बूट ढिले व्हायला लागले होते."

मी हसायला लागले. नवऱ्याला वाटलं माझं डोकं फिरलं.

"ऐका," मी म्हणाले. "हृदय हा हार्मोन बनवतं ना, तो अख्खा बाहेर येत नाही. आधी एक लांब शेंग बनते. ती फुटली की एक दाणा निघतो आणि एक टरफल. दाणा म्हणजे खरा हार्मोन. मूत्रपिंडांना, रक्तवाहिन्यांना कामाला लावतो तो. टरफल काहीच करत नाही, नुसतं रक्तात फिरतं. आता अंगात दाणे खाणारीही तोंडं असतात. हृदयाने दाणा टाकला की ती कुरतडायला लागतात. तुमची नवी गोळी काय करते? त्या तोंडांना मुसकी बांधते. म्हणजे दाणे खाल्ले जात नाहीत, जास्त वेळ टिकतात, जास्त वेळ काम करतात. तुमच्याच हृदयाचं औषध तुमच्याच अंगात पुरवून वापरलं जातं. आणि माझं मशीन काय मोजतं? दाणे!"

"मग दाणे जास्त दिसणारच की," नवरा म्हणाला. भूगोलवाला असला तरी डोकं आहे.

"दिसणारच! दाणे जास्त म्हणजे शेंगा जास्त फुटल्या असं नाही. खाणारं कुणी उरलं नाही, एवढंच. हृदयावर खरोखर किती ताण आहे ते बघायचं तर टरफलं मोजायला हवीत. ती त्या तोंडांना चालत नाहीत, गोळी असो नसो."

सासूबाई उठून बसल्या होत्या. "म्हणजे शेंगा मी खाल्ल्याच नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि तुझा फोन मात्र माझ्या नावाने गेला."

"तुमच्या नावाने नाही, क्रमांकाने."

"तेच ते." मग त्यांचा हात पुन्हा छातीकडे गेला. "पण मला खरंच दम लागतोय गं. काल लागला, आज लागला. तो काय टरफलांमुळे?"

माझी खात्री होती, अगदी शंभर टक्के होती. पण समोर माणूस धापा टाकत असताना खात्रीला जरा घाम फुटतोच. हृदयवाले डॉक्टर परगावी परिषदेला गेलेले. त्यांना फोन लावला. त्यांनी गोळीचं खरं असल्याचं सांगितलं, गोळी सुरू केली त्या पहिल्या दिवशी केलेली टरफलांची तपासणी आपल्याकडे नोंदलेली असल्याचंही सांगितलं, आणि म्हणाले, "पुन्हा मोजा. मोजल्याशिवाय मीही काही बोलणार नाही. आणि दम वाढला तर वाट बघू नका, सरळ भरती करा." शहाणा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासणीच्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांची खोली म्हणजे एक टेबल, एक वजनकाटा, डोळे तपासायचा तक्ता आणि बाहेर बाकावर दहा-बारा ड्रायव्हर. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"बाई, इतकी वर्षं मला कोण सांगत आलं, घरचे लोक खोटं बोलतात म्हणून?"

"मी."

"आकडा खोटं बोलत नाही, हे कोण म्हणालं?"

"मीच. आणि तो अजूनही खोटं बोलत नाहीये. दाणे जास्त आहेत हे खरंच आहे. आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतोय."

"सासू तुमची नसती, तर आला असतात का इथे?"

प्रश्न वर्मी लागला. बाकावरचा एक ड्रायव्हर दारातून आत डोकावून ऐकत होता. मनात आलं, काहीतरी गुळमुळीत बोलावं. पण मला ते जमत नाही.

"नसते आले," मी म्हणाले. "कारण मला कळलंच नसतं. नळीवर क्रमांक असतो, गोळ्यांचं नाव नसतं. माणूस लपवायच्या नादात मी त्याचं औषधही लपवलं. उद्या ही गोळी घेणारा दुसरा कुणी आला असता, तर त्यालाही मी असंच उतरवलं असतं, आणि त्याच्या घरात गोळीची पट्टी वाचणारी सून नसती. म्हणून आले. आणि सासू आहे म्हणूनही आले. दोन्ही खरं आहे."

डॉक्टरांनी चष्म्याची काच पुसून तो पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"छाती मी स्वतः ऐकली होती त्यांची," ते म्हणाले. "स्वच्छ होती. पायाला सूज नव्हती. वजन उतरलेलं. मला वाटलंच होतं काहीतरी जुळत नाही. पण तुमचा फोन आला होता." मग त्यांनी सरळ ठरवून टाकलं. "नवं रक्त मी स्वतः काढणार. नळीवर क्रमांक. तपासणी नदीपलीकडच्या प्रयोगशाळेत; तुम्ही हातही लावायचा नाही. टरफलं पूर्वीपेक्षा कमी निघाली, तर सही करतो. जास्त निघाली, तर या विषयावर एक शब्द बोलायचा नाही."

"कबूल."

"आणि त्यांना उगाच आशा लावू नका."

हे मात्र मला उशिरा सांगितलं.

शनिवार, रविवार तसेच गेले. सासूबाई रक्त देऊन आल्या आणि पुन्हा सोफ्यावर बसल्या. मी त्यांचं वजन केलं, पाय दाबून पाहिले. बोटाचा खड्डा पडत नव्हता. श्वास मात्र धापेचाच. नवरा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "टरफलं जास्त निघाली तर?"

"तर किल्ल्या मी स्वतः नदीत फेकीन आणि आईला सरळ दवाखान्यात नेईन. पण निघणार नाहीत."

"एवढी खात्री?"

"बूट ढिले झालेत तिचे. बूट काही माझा फोन ऐकून ढिले झाले नाहीत."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने घरी बसावं असं इतके दिवस म्हणणारा हा माणूस. "सही झाली पाहिजे गं," तो म्हणाला. "ती अशी गप्प बसलेली मला बघवत नाही."

सोमवारी दुपारी प्रयोगशाळेत फोन वाजला. तपासणीचे डॉक्टर होते. नमस्कार वगैरे काही नाही.

"पहिल्या दिवशीच्या पावपट," ते म्हणाले. "पाव! हृदयाला इतकं स्वस्थ मी या वयात फारसं पाहिलं नाही. सही केली. आणि बाई, आजपासून प्रत्येक क्रमांकासोबत मी गोळ्यांची नावं पाठवणार आहे. तुम्ही भांडलात तरी."

मी भांडले नाही. मशीनकडे पाठ करून एक मिनिट उभी राहिले आणि मग सहायिकेला सांगून चक्क रजा टाकली. अशी बातमी फोनवर द्यायची नव्हती. फोनवर मी एकदा देऊन बसले होते.

जिन्यात त्या भेटल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान घेऊन परत येत होत्या. मधल्या मजल्यावर, कठड्याला टेकून, पिशवी पायाशी ठेवून, डोळे मिटून श्वास घेत होत्या. एवढ्या मोठ्या बाईचा एवढासा जीव झाला होता.

"आई, पास झालात. टरफलं पावपट झाली. सही झाली."

त्यांनी डोळे उघडले. "पाव म्हणजे?"

"म्हणजे चार होती तिथे एक उरलं. तुमचं हृदय दोन वर्षांत नव्हतं इतकं निवांत आहे."

"नक्की? तू मोजलंस?"

"मी हातही लावला नाही. दुसऱ्यांनी मोजलं, कुणाचं ते माहीत नसताना."

त्यांनी पिशवी उचलली. पायरी चढल्या. "म्हणजे त्या बँकेतल्या मुलीला उगाच नाही म्हटलं," त्या म्हणाल्या. दुसरी पायरी. "परीक्षा या आठवड्यात आहे तिची, आणि अजून चढावर गाडी मागे घसरते. आता त्या पलीकडच्या शाळेत गेली असेल. ते लोक काय शिकवतात, हॉर्न वाजवायला शिकवतात नुसता. तिला आत्ताच्या आत्ता फोन लावते. आणि खाली ती निळी गाडी कुणी लावलीये तशी? दोन गाड्यांची जागा अडवून? माणसाला जरा लाज असावी..." मी त्यांच्या मागून चढत होते आणि मला त्यांना गाठता येत नव्हतं. दारापाशी पोचेपर्यंत त्यांचं वाक्य पूर्ण झालं नव्हतं.

तिथे त्या थांबल्या. स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि मग माझ्याकडे वळून पाहिलं. धाप मला लागली होती.

"म्हणजे इतके दिवस मला दम लागतच नव्हता?"

"लागत होता," मी म्हणाले. "पण हृदयाचा नव्हता. माझ्या आकड्याचा होता."

"छे." त्यांनी मान हलवली. "आकडे मला कुठे कळतात? चार काय आणि चारशे काय. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल तुमचं. मी तर भांडायच्या तयारीनेच घरी आले होते. मग तू म्हणालीस, फोन मी केला." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तू म्हणालीस म्हणून मी आजारी पडले गं."

डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत.

"आता रडू नको, दार उघड," सासूबाई म्हणाल्या. मी दार उघडलं आणि त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला गेले. त्यांनी ती घेऊ दिली नाही.